१२१.५ ऐकायची कशी आणि वापरायची कधी : कोकण किनाऱ्यावर उडणाऱ्यांसाठी

कोकणच्या आकाशात आता पूर्वीसारखा शुकशुकाट राहिलेला नाही. चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, मोपा जानेवारी २०२३ पासून चालू आहे, दाबोळी तर आधीपासून आहेच, रत्नागिरीला कोस्ट गार्डचं एअर स्टेशन, जुहूवरून बॉम्बे हायला ये-जा करणारी हेलिकॉप्टरं, आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून ३५ हजार फुटांवर दिवसरात्र जाणारी मोठी विमानं. प्रत्येकजण आपापल्या फ्रिक्वेन्सीवर बोलत असतो, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नाही. पण एक फ्रिक्वेन्सी अशी आहे जी सगळ्यांची मिळून आहे, १२१.५ मेगाहर्ट्झ, संकटासाठी राखलेली, पायलट लोक तिला नुसतं गार्ड म्हणतात.

फ्लाईंग शिकणाऱ्या बऱ्याच पोरापोरींना १२१.५ हा आकडा परीक्षेपुरता पाठ असतो, संकट आलं की इथं बोलायचं एवढंच डोक्यात बसलेलं असतं. खरं तर बोलायची वेळ बहुतेकांवर आयुष्यात एकदाही येत नाही. रोज करायचं काम आहे ते ऐकायचं, आणि तेच सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे, म्हणून हा लेख मुद्दाम ऐकण्यापासून सुरू करतोय.

आधी थोडं, हे चालतं कसं

विमानांचा व्हीएचएफ रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो आणि एएम पद्धतीचा असतो. १२१.५ त्याच पट्ट्यात आहे, त्यामुळे वेगळा रेडिओ लागत नाही, सेसनापासून एअरबसपर्यंत सगळ्यांकडं ती लागतेच. मिलिटरीची इमर्जन्सी फ्रिक्वेन्सी २४३.० आहे, बरोबर दुप्पट. शोध आणि बचावाच्या जागी जादाची म्हणून १२३.१ वापरतात.

व्हीएचएफ सरळ रेषेत जातो, मध्ये डोंगर आला किंवा पृथ्वीची गोलाई आली की संपलं. समुद्रसपाटीवरच्या माणसाशी किती लांबून बोलता येईल त्याचा ढोबळ हिशोब असा, उंची फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.२३ ने गुणा, उत्तर नॉटिकल मैलांत येतं. ५०० फुटांवर साधारण २७ मैल म्हणजे ५० किलोमीटर. ३००० फुटांवर ६७ मैल, म्हणजे सव्वाशे किलोमीटर. आणि ३५,००० फुटांवर २३० मैल, सव्वाचारशे किलोमीटर! मुंबईवरून जाणाऱ्या जेटला तत्त्वतः गोव्याच्या समुद्रात पाण्यालगत असलेल्या माणसाचा आवाज ऐकू येऊ शकतो.

आता हे आपल्या किनाऱ्यावर लावून बघा. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी, खाली चिंचोळी पट्टी, पावसाळ्यात ढग इतके खाली की छोटं विमान किंवा हेलिकॉप्टर खाली दबून किनाऱ्याकिनाऱ्यानं चाललेलं. हजार फुटांवर असलेल्याला घाटापलीकडचा एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) टॉवर ऐकू येणारच नाही, आणि बॉम्बे हाय तर मुंबईपासून १६० किलोमीटर आत समुद्रात. खाली गेलेल्या माणसाचा किनाऱ्याशी संपर्क तुटतो पण वरून जाणाऱ्या विमानाशी तुटत नाही. खाडीपलीकडून तरवाल्याला हाक मारली आणि ती त्याला ऐकू गेली नाही तर मधल्या होडीतला कोणीतरी ती पुढं पोचवतो, अगदी तसंच हे आहे, आणि वरची विमानं म्हणजे ती मधली होडी. फक्त त्या होडीतल्या माणसाचे कान उघडे पाहिजेत.

दुसरा रेडिओ रिकामा ठेवू नका

पहिलं काम जमिनीवरच. रेडिओ नंबर एक एटीसीला, रेडिओ नंबर दोनवर १२१.५. एअरलाईनच्या विमानात सहसा तीन व्हीएचएफ असतात, एक एटीसीशी बोलायला, तिसरा बहुतेक वेळा डेटासाठी, आणि मधला गार्ड, एटिस (विमानतळाची रेकॉर्ड केलेली हवामानाची माहिती) नि कंपनीशी बोलणं या सगळ्यांसाठी मिळून. इथंच गळती होते. एटिस ऐकायला किंवा कंपनीला पोचायची वेळ सांगायला दोन नंबरवरची गार्ड काढली जाते आणि मग परत लावायची राहून जाते. उपाय सोपा आहे, १२१.५ पुसून टाकायची नाही, स्टँडबायच्या, म्हणजे बाजूला राखलेल्या आकड्याच्या, खिडकीत ढकलायची, काम झालं की एक बटण दाबून परत अ‍ॅक्टिव्हला. आणि क्रूझमध्ये, म्हणजे वर एका उंचीवर सरळ जात असताना, प्रत्येक फ्रिक्वेन्सी बदलाच्या वेळी नजर दोन नंबरवर टाकायची सवय लावून घ्या, तेवढ्यानं पुष्कळ फरक पडतो.

छोट्या विमानात ऑडिओ पॅनल नीट समजून घ्या. त्यावर प्रत्येक रेडिओसाठी दोन वेगळ्या गोष्टी असतात, एक माईक निवडायचं बटण, एक नुसतं ऐकायचं. कॉम वनचा, म्हणजे एक नंबर रेडिओचा, माईक चालू आणि कॉम टू चं फक्त ऐकणं चालू, अशी जोडी पाहिजे. माईकच कॉम टू वर गेला तर तुम्ही टॅक्सी क्लिअरन्स (जमिनीवर विमान हलवायची परवानगी) गार्डवर मागाल आणि चारशे किलोमीटरमधली उंचावरून जाणारी झाडून सगळी विमानं ते ऐकतील. गार्मिनच्या जी-१००० या कॉकपिट डिस्प्लेमध्ये एक चांगली सोय आहे, फ्रिक्वेन्सी अदलाबदल करायचं बटण साधारण दोन सेकंद दाबून धरलं की १२१.५ आपोआप अ‍ॅक्टिव्हला येते. हे इंजिन बंद असताना एकदा करून बघा, म्हणजे हाताला माहीत होतं.

नियम काय म्हणतो तेही सांगतो. इकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, अ‍ॅनेक्स १० प्रमाणे समुद्रावरून लांबच्या पल्ल्याला जाणाऱ्या विमानानं १२१.५ सतत ऐकत राहायचं, दुसऱ्या चॅनेलवर बोलत असाल, यंत्राची मर्यादा असेल किंवा कॉकपिटमधलं काम परवानगी देत नसेल तेवढीच सूट. ती सूट मोठी वाटते पण क्रूझमध्ये, निवांत असताना, ती लागू होत नाही हे आपलं आपल्याला कळतं.

आवाज किती ठेवायचा

यावर मला जरा जोरात बोलायचंय. गार्ड लावलेली असते पण आवाज शून्यावर, असं होतं. का होतं तर वर गेल्यावर गार्डवर फालतू बडबड ऐकू येते, कोणी चुकून कंपनीला बोलावतोय, कोणी त्याला ओरडून सांगतोय की बाबा तू गार्डवर आहेस, मग तिसरा त्याची नक्कल करतोय. अमेरिकेत तर लोक गार्डवर मांजरासारखं म्याँव करतात हे जगभर माहीत झालंय. ज्या लाईनवर एखादा माणूस पाण्यात पडण्याआधीचं शेवटचं वाक्य बोलणार आहे तिथं म्याँव करणं मला गंमत वाटत नाही, कधीच वाटली नाही. त्याचं खरं नुकसान वेगळंच आहे, कंटाळून चांगले पायलट आवाज कमी करतात. आणि एएम मध्ये दोघं एकाच वेळी बोलले तर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून शिट्टीसारखा आवाज येतो, लांबचा अशक्त मेडे, म्हणजे जिवावरच्या संकटाची हाक, त्याच्याखाली गाडला जातो.

तर आवाज असा ठेवा की एटीसी स्पष्ट वरचढ आणि गार्ड मागं हळू पण शब्द कळतील इतकी. स्क्वेल्च, म्हणजे खरखर गाळणारी सोय, जिथं हातानं लावायचा आहे तिथं खरखर जेमतेम बंद होईल इतकाच, जास्त आवळला तर लांबचा सिग्नल आत येणारच नाही. टेकऑफ आणि अप्रोचला गार्डचा त्रास होत असेल तर तेवढ्यापुरती कमी करा, पण मग पुन्हा वाढवायचं चेकलिस्टला जोडून ठेवा, उदाहरणार्थ दहा हजार फुटांच्या चेकला.

दुसरा कोणी चुकून गार्डवर बोलला तर काय करायचं? काही नाही, किंवा फार तर एकदा, शांतपणे, त्याचा कॉल साईन (रेडिओवरचं नाव) घेऊन सांगा. सात जणांनी एकदम सांगायची गरज नसते.

कोणाला तरी बोलावतायत

गार्डवर सगळ्यात जास्त वेळा खरं काम पडतं ते हरवलेल्या विमानाला परत लाईनीवर आणायचं. चुकीचा आकडा लागला, झोपेच्या वेळी हाक हुकली, आणि विमान कंट्रोलरच्या हातातून निसटलं. मग एटीसी गार्डवर हाक मारतं, किंवा जवळच्या विमानाला सांगतं की जरा तुम्ही बोलावून बघा. १६ फेब्रुवारी २०१७ ला मुंबईहून लंडनला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानाचा जर्मनीवर संपर्क तुटला तेव्हा जर्मन हवाई दलाची फायटर विमानं वर आली होती, पुढं संपर्क झाला आणि विमान लंडनला सुखरूप उतरलं. शेकडो प्रवासी बसलेलं विमान कोणाचंच ऐकत नाही म्हटल्यावर खालचे लोक वाईटातलं वाईट धरूनच चालतात.

तुम्हाला रिले करायला, म्हणजे निरोप पुढं पोचवायला, सांगितलं तर वाक्य छोटं ठेवा. त्याचा कॉल साईन दोनदा, तुमचा कॉल साईन, मग अमुक कंट्रोलला तमुक फ्रिक्वेन्सीवर संपर्क कर, बास. उत्तर आलं की एटीसीला कळवा, नाही आलं तरी कळवा. आणि स्वतःचाच कॉल साईन गार्डवर ऐकू आला तर लाजायचं नाही, लगेच उत्तर देऊन सांगितलेल्या फ्रिक्वेन्सीवर जा.

मेडे ऐकू आला तर

आता मुख्य भाग. पेन हातात घ्या. ऐकू येतंय ते लिहायला लागा, समजलं नाही तरी जसं कानावर पडलं तसं, वेळ सकट. कॉल साईन, काय झालंय, कुठं आहे, किती उंचीवर, कुठल्या दिशेनं, किती माणसं. त्याच क्षणी आपलं स्वतःचं ठिकाणही नोंदवा, एफएमएस (विमानाचा मार्ग सांभाळणारा संगणक) किंवा जीपीएसवर एक मार्क टाका, कारण तुम्हाला ऐकू आलं हीच शोध घेणाऱ्यांसाठी एक माहिती असते.

मग थांबा. काही सेकंदच, पण थांबा. ज्याला हाक मारली आहे त्यानं आधी उत्तर द्यायचं असतं, मध्ये घुसून त्याचं बोलणं तोडू नका. कोणीच उत्तर दिलं नाही तर मात्र वाट बघत बसायचं नाही, तुम्हीच द्या, त्याचा कॉल साईन, तुमचा कॉल साईन, रॉजर मेडे. एवढे शब्द त्या माणसाला किती धीर देत असतील विचार करा. मग जे लिहिलंय ते वाचून दाखवा, ठिकाण नक्की करून घ्या, आणि एक नंबरच्या रेडिओवर एटीसीला सांगा. सांगताना पहिल्याच वाक्यात स्पष्ट करा की संकटात तुम्ही नाही, तुम्ही दुसऱ्याचा निरोप देताय.

ठिकाणाबद्दल इतका आग्रह का धरतोय ते सांगतो. २८ जून २०२२ ला बॉम्बे हायच्या परिसरात सागर किरण रिगजवळ एक हेलिकॉप्टर समुद्रात उतरलं, आत ९ जण होते, ४ गेले. वाचले ते ५ जण जवळपासच्या बोटींनी उचलले. समुद्रात जो जवळ आहे तोच वेळेवर पोचतो, मुंबईहून निघालेल्याला अंतर कापावंच लागतं, आणि जवळ कोण आहे हे कळायला जागा नक्की माहीत असायला लागते. जूनच्या समुद्रात तर लाटांमध्ये माणसाचं डोकं दोनशे मीटरवरून दिसत नाही.

इथं किनाऱ्यावरच्या लोकांसाठी पण एक गोष्ट. मच्छीमार बोटींचा रेडिओ चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ आणि तो एफएम, त्यामुळे विमान गार्डवर कितीही ओरडलं तरी ट्रॉलरला ऐकू येत नाही आणि उलटही नाही. मधला दुवा म्हणजे कोस्ट गार्डचं मुंबईतलं समुद्री बचाव समन्वय केंद्र, तेच दोन्हीकडं बोलतं. किनाऱ्यावरून एखादं विमान पाण्यात जाताना कोणाला दिसलं तर कोस्ट गार्डचा फोन नंबर १५५४ आहे, लक्षात ठेवा आणि घरातल्यांना पण सांगून ठेवा.

एटीसीनं जर स्टॉप ट्रान्समिटिंग, मेडे असं जाहीर केलं तर तोंड बंद ठेवायचं, डिस्ट्रेस ट्रॅफिक एंडेड ऐकेपर्यंत.

वरून खाली घसरणारा सूर

कधीकधी गार्डवर माणसाचा आवाज नसतो, वरून खाली घसरत जाणारा, सायरनसारखा एकसारखा सूर असतो. तो ईएलटी, म्हणजे विमान आपटलं की आपोआप चालू होणारा बीकन. पूर्वी उपग्रह हा १२१.५ चा सिग्नल पकडायचे, पण खोट्या अलार्मनी सगळे वैतागले आणि तो कुठल्या विमानाचा हेही कळायचं नाही, म्हणून १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ ऐकणं बंद केलं. आता उपग्रह फक्त ४०६ मेगाहर्ट्झ ऐकतात, त्यात विमानाची ओळख असते, आणि आपल्याकडं तो निरोप बंगळुरूला इस्रोच्या केंद्रात येऊन तिथून बचाव केंद्रांकडं जातो. १२१.५ चा सूर आता जवळ आलेल्या बचाव पथकाला शेवटचे काही किलोमीटर वास काढत जायला उरलाय.

म्हणजे जुन्या, फक्त १२१.५ वाल्या बीकनला आज आकाशातून ऐकणारे तुम्हीच, जाणारे येणारे पायलट. आणि विमान पाण्यात बुडालं किंवा अँटेना तुटली की ४०६ चं पण काही खरं नसतं. सूर ऐकू आला तर या गोष्टी टिपा, पहिल्यांदा कधी आणि कुठं ऐकू आला, सगळ्यात जोरात कुठं, शेवटचा कुठं, आणि तुमची उंची. मग एटीसीला द्या. दोन तीन विमानांनी एवढं दिलं तरी नकाशावर शोधायचा पट्टा बराच लहान होतो, आणि दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या दऱ्याखोऱ्यांत पट्टा लहान होणं म्हणजे काय ते इथं राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तुमच्यावरच वेळ आली तर

सगळ्यात मोठा गैरसमज इथं आहे. इंजिन गेलं की घाईघाईनं १२१.५ लावायला जाऊ नका. ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिथंच मेडे द्या. तिथला कंट्रोलर तुम्हाला ओळखतो, रडारवर बघतोय, आसपासची विमानं पण तिथंच आहेत. तिथून उत्तर आलं नाही, किंवा तुम्ही कोणाच्याच संपर्कात नव्हता, तर मग गार्ड. आणि त्याच्याही आधी विमान उडवा, ग्लाईडचा वेग धरा, जागा निवडा, रेडिओ त्यानंतर.

क्रम असा, तीनदा मेडे, कोणाला बोलताय, तुम्ही कोण, काय झालं, काय करणार, कुठं आहात, उंची, हेडिंग, आणि माणसं किती. ऐकायला असं, "मेडे मेडे मेडे, गोवा अप्रोच, व्हिक्टर टँगो अमुक अमुक, इंजिन फेल्युअर, फोर्स लँडिंग ऑन द बीच, फाइव्ह माईल्स साऊथ ऑफ वेंगुर्ला, टू थाउजंड फीट, हेडिंग वन सिक्स झीरो, थ्री ऑन बोर्ड." दहा-पंधरा सेकंदांत होतं. वेळ फारच कमी असेल तर नाव आणि ठिकाण तरी जाऊ द्या. हे घरी मोठ्यानं बोलून सराव करा, मनातल्या मनात नको, कारण तोंडाला सवय लागते ती बोलूनच.

ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे रडारला आपला कोड कळवणाऱ्या यंत्राला, ७७००. रेडिओच गेला असेल तर ७६००, अपहरणाला ७५००. एटीसीशी नीट बोलणं चालू असेल आणि त्यांनी दिलेला कोड लागलेला असेल तर त्यांनी सांगितल्याशिवाय बदलायची घाई नको.

जिवावरचा धोका लगेच नाही पण काळजीचं आहे तेव्हा पॅन-पॅन, तीनदा. प्रवाशाच्या छातीत दुखतंय, एक इंजिन तापतंय, असलं काही. इंधनाचं वेगळं आहे आणि पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर ते महत्त्वाचं. चिपीला पावसानं काही दिसत नाही, गोव्याला वळलात, तिथं होल्डिंग, म्हणजे उतरायची वाट बघत घिरट्या. आता जास्त उशीर झाला तर राखीव इंधनाला हात लागेल अशी वेळ आली की मिनिमम फ्युएल सांगायचं, ती इमर्जन्सी नाही, नुसती सूचना. उतरताना राखीवच्या खाली जाणार हे हिशोबात दिसलं की तीनदा मेडे आणि पुढं फ्युएल. हे बोलायला लोक कचरतात, नंतर कागदपत्रं होतील म्हणून. कागदपत्रं होऊ द्या.

बाजूला फायटर आलं तर

दाबोळी नेव्हीचा तळ आहे, समुद्रात युद्धनौकांचे सराव चालतात, त्यामुळे हेही माहीत असू द्या. युद्धनौका अनोळखी विमानाला १२१.५ आणि २४३.० वरच बोलावतात, दिशा, वेग, उंची सांगून, आणि ते वर्णन आपल्याशी जुळतंय का ते तपासून उत्तर द्यायचं. फायटर विमान पंख हलवून सोबत यायला सांगत असेल तर आपणही पंख हलवा, मागं जा, एटीसीला कळवा आणि १२१.५ वर बोला. भाषेची अडचण असेल तर ठरलेले शब्द आहेत, विल्को म्हणजे समजलं करतो, कॅन नॉट म्हणजे जमत नाही, त्यांच्याकडून फॉलो, डिसेंड, यू लँड.

उतरल्यावर

इंजिन बंद करायच्या आधी अर्धा मिनिट १२१.५ ऐका. आदळून उतरलात तर तुमचाच ईएलटी चालू झालेला असू शकतो आणि तुम्ही चहाला गेलेले असताना बंगळुरूपासून मुंबईपर्यंत फोन फिरत असतात. सूर ऐकू आला तर स्विच बघा, बंद करा, टॉवरला लगेच सांगा. खोटा अलार्म कळवायला संकोच नको, न कळवलेला अलार्म खऱ्या शोधातली माणसं अडकवून ठेवतो. मग महिन्यातून एकदा बीकनच्या बॅटरीवरची तारीख वाचा, आणि विमान विकत घेतलं किंवा क्लबचा मोबाईल नंबर बदलला असेल तर ४०६ च्या बीकनची नोंदणी नवी करून घ्या, कारण अलार्म आला की पहिला फोन त्याच नंबरवर जातो.